जुने आऊटबोर्ड मशीन नीट चालत नसेल तर काय तपासावे?

नारळी पौर्णिमा झाली आणि पावसाचा जोर ओसरला की खाडीकाठच्या गावांतून होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खाडीपलीकडे किंवा एखाद्या जुव्यावर जमीन असलेले अनेक शेतकरी आहेत. भाताचा पेंढा, खत, नारळ, पुढे एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या, हे सारे होडीनेच आणावे-न्यावे लागते. अशा होड्यांवर पुष्कळदा वीस-तीस वर्षांपूर्वीचे, दुसऱ्याकडून विकत घेतलेले, पाच ते पंधरा अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन बसवलेले असते. बांधणी साधी असल्याने ते घरच्या घरी दुरुस्त करता येते. परंतु ऑक्टोबरात पहिल्यांदा दोरी ओढली की नेमके हेच मशीन कुरकुरते. सुरू होते, पण रेस दिली की गुदमरते. दहा मिनिटे चालून बंद पडते. धूर ओकते, पण होडी पुढे जात नाही.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात, नाही तर 'चालतंय ना, चालू दे' म्हणून तसेच हाकतात. पहिल्या प्रकारात वेळ जातो, दुसऱ्या प्रकारात मशीन जाते. यामागचे कारण समजून घेणे जरूर आहे.

दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलात मिसळलेले ऑइल हेच पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यांचे वंगण. त्यामुळे कचऱ्याने किंवा हवेच्या गळतीने इंजिनाला पेट्रोल कमी पडू लागले, की त्याच प्रमाणात ऑइलही कमी पडते. शिवाय पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण अधिक तापते. म्हणजे वंगण कमी आणि उष्णता जास्त, अशी दुहेरी आपत्ती एकाच वेळी येते. गुदमरत चालणारे मशीन तासाभरात पिस्टन धरू शकते, आणि ते धरते बहुधा भरलेल्या होडीने, ओहोटीच्या ओढीत, खाडीच्या मुखाशी. म्हणून मशीन बिघडल्यासारखे वाटले की आधी दोष शोधावा, मगच होडी भरावी.

लक्षण नीट पाहावे

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रत्येक मशीनसाठी एक लहान वही ठेवून तीत लिहीत जावे.

जुन्या मशीनचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात आपले आऊटबोर्ड विकायला सुरुवात केली. हे नाव शतकभर चालले, पण २०२० साली एव्हिनरूड मशीनचे उत्पादन थांबले. इतर कंपन्यांनीही आपल्या जुन्या नमुन्यांचे अनेक भाग बनवणे केव्हाच सोडले आहे. घाईने फोडलेले झाकण किंवा मोडलेला बोल्ट म्हणजे महिन्याची खोटी. गंजलेल्या बोल्टाला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे आणि सकाळी हळूहळू पुढे-मागे फिरवून सोडवावा.

टाकीपासून सुरुवात करावी

आमच्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ टाकी आणि कार्बोरेटर यांच्या दरम्यान सापडते. एका नारळ-सुपारी बागायतदाराने आपल्या मशीनला नवा कार्बोरेटर बसवला, पुढे कॉइल बदलली, तरी रेस दिली की मशीन बसत असे. प्रात्यक्षिकाच्या वेळी त्यांच्या मुलाला टाकीजवळचा रबरी गोळा सतत दाबत राहायला सांगितले, तर मशीन खडखडीत चालू लागले. मशीनला जोडणाऱ्या नळीच्या टोकातील रबरी कडे वाळून चिरले होते आणि पेट्रोलबरोबर हवा ओढली जात होती. ते कडे काही रुपयांचे होते. आधीच्या खर्चाचा आकडा येथे देत नाही.

ही गोळ्याची चाचणी फार उपयोगी आहे. मशीन गुदमरू लागताच गोळा दाबावा. दाबल्यावर मशीन सावरले तर ठिणगी आणि कार्बोरेटरचे जेट बहुधा ठीक आहेत. दोष पेट्रोल पुरवठ्यात आहे. मग नळी, तिची दोन्ही टोके, गाळणी आणि पेट्रोल पंपाचा पातळ पडदा तपासावा. पडद्याला सुईएवढे छिद्र असले तरी तो पुरेसे पेट्रोल ढकलू शकत नाही. गोळा दाबून सोडल्यावर चपटाच राहात असेल तर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतील नळीच्या तोंडाशी कचरा आहे. गोळा कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर कुठे तरी गळती आहे, अथवा कार्बोरेटरमधील फ्लोटची सुई नीट बसत नाही. अशा वेळी कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकताना दिसते. गोळ्यावरील बाण मशीनच्या दिशेला आहे ना, तेही पाहावे. नळी उलटी जोडणारे पुष्कळ भेटतात आणि त्यात शिकलेलेही असतात.

एक अपवाद सांगितला पाहिजे. काही फार जुन्या मशीनना टाकीपासून दोन नळ्या जोडलेल्या असतात. त्या प्रकारात मशीन टाकीत हवेचा दाब भरते आणि त्या दाबाने पेट्रोल वर चढते. तिथे टाकीचे झाकण पूर्ण घट्ट असावे लागते. ते सैल राहिले तर मशीन उपाशी मरते. आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे आधी पाहावे.

पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे इथेनॉल आपल्याच उसापासून आणि धान्यापासून तयार होते, त्यामुळे शेतकऱ्याला त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. परंतु तीस वर्षांपूर्वीचे मशीन या पेट्रोलासाठी बनवलेले नाही. जुन्या नळ्या आणि रबरी पडदे त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. काही जुन्या कार्बोरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा फ्लोट असतो. त्यावरील लाखेचा थर इथेनॉलने सुटतो, फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्बोरेटर भरून वाहू लागतो.

याहून मोठा धोका पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी पडवीत राहिली तर दमट हवेतील पाणी, किंवा झाकणातून झिरपलेले पाणी, पेट्रोलातील इथेनॉल धरून ठेवते. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. मशीनची नळी तळातूनच ओढते. म्हणजे ऑइल नसलेले पाणीदार मिश्रण सरळ इंजिनात जाते. मशीन मिसिंग करते आणि त्याच वेळी आतून कोरडे पडते.

याची परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळातील पेट्रोल नळीने काढून काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व पंधरा मिनिटे न हलवता ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मशीनमध्ये वापरू नये. 'थोडे नवे टाकून पातळ करू' हा विचार महागात पडतो. तीन-चार आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण एका वेळी करावे.

ऑइलचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे किंवा त्यावरील पट्टीप्रमाणेच ठेवावे. ५० : १ म्हणजे एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर आणि २५ : १ म्हणजे ४० मिलिलिटर. जुन्या मशीनपैकी बऱ्याच जणांना दुसरे प्रमाण लागते. शेजाऱ्याच्या नव्या मशीनला २० मिलिलिटर पुरते म्हणून आपल्या जुन्यालाही पुरेल असे समजू नये. ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक आऊटबोर्डसाठीचेच घ्यावे, डब्यावर टी.सी.-डब्ल्यू ३ अशी खूण असते. स्कूटरचे ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते.

प्लग काय सांगतो

टाकी आणि नळी ठीक असेल तर प्लग काढून पाहावा. मात्र मशीन हळू गतीवर घुटमळल्यानंतर नव्हे, तर ताणावर चालवून एकदम बंद केल्यावर. टोक तपकिरी असेल तर उत्तम. काळे व ओले असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा ठिणगी पडत नाही. पांढरट, भाजल्यासारखे असेल तर पेट्रोल कमी पडत आहे. असे मशीन ताबडतोब थांबवावे. आणि एकाच सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा लखलखीत दिसत असेल तर समाधान मानू नये. हेड गॅस्केटमधून थंड करणारे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याची ती खूण आहे.

दोन सिलिंडरचे मशीन एकाच सिलिंडरवर चालत असेल तर ते चालते, पण होडी ओढत नाही. अशा वेळी हातात कोरडा रबरी मोजा घालून, विजेच्या कामाच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून ती लगेच इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावी. वायर अधांतरी सोडू नये. जी वायर काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग वायरीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा व दोरी ओढावी. ठिणगी निळसर आणि टचकन आवाज करणारी असावी. पिवळी, बारीक ठिणगी उघड्यावर दिसते, परंतु सिलिंडरच्या दाबाखाली विझते. ही परीक्षा करताना आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. प्लगच्या मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ फवारते. ठिणगी तिथून दूर धरावी.

ठिणगी नसल्यास आधी बंद करण्याच्या बटणाची वायर सोडून पाहावे. खारे पाणी गेल्याने हे बटण आतल्या आत जोडले जाते आणि मशीन 'बंद'च राहते. एवढ्याने भागले नाही तरच फ्लायव्हील काढावे. त्याखाली पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असतात. फ्लायव्हील काढण्यासाठी पुलर वापरावा. शाफ्टवर हातोडा मारू नये. पॉइंटचे तोंड बारीक कानशीने साफ करून नंतर कोऱ्या पुठ्ठ्याने पुसावे. तेलाचा अंशही राहू देऊ नये. दोन पॉइंटमधील अंतर बऱ्याच जुन्या अमेरिकन मशीनमध्ये ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. जपानी मशीनमध्ये ते सहसा याहून कमी असते, म्हणून पुस्तिका पाहावी. कॉइलच्या आवरणाला तडे गेले असतील तर ती बदलावी. दमट हवेत अशी कॉइल सकाळी दगा देते आणि दुपारी चालते.

दहा मिनिटांनी बंद पडणारे मशीन

हा दोष सर्वांत फसवा आहे, कारण कारागिराकडे नेईपर्यंत मशीन थंड होते आणि पहिल्या ओढीत सुरू होते. याचे उत्तर एकच. मशीन जिथे बंद पडले तिथेच, त्याच क्षणी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत जाताना 'फुस्स' असा आवाज आला तर हवेचा मार्ग बंद आहे. आवाज नसेल तर झाकण पुन्हा बंद करून गरम मशीनची ठिणगी पाहावी. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल किंवा कंडेन्सर गेला. ही तपासणी किनाऱ्याजवळ, होडी नांगरून करावी. सोबत दुसरा माणूस असावा आणि दोघांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असावे.

दाब कमी असेल तर बाकी सारे व्यर्थ

सर्व प्लग काढून, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि दाबमापक लावून दोरी चार-पाच वेळा जोराने ओढावी. नेमका आकडा मशीनप्रमाणे बदलतो. काही जुन्या मशीनमध्ये तो मुळातच कमी असतो. दोन सिलिंडरमधील फरक महत्त्वाचा. एकात दर चौरस इंचास ९० पौंड आणि दुसऱ्यात ८५ आले तर काळजी नको. एकात ९० आणि दुसऱ्यात ५५ आले तर रिंगा अडकल्या आहेत, गॅस्केट गेले आहे किंवा सिलिंडरला ओरखडे पडले आहेत. मग कार्बोरेटरवर केलेला खर्च पाण्यात गेला असे समजावे. जुने मशीन विकत घेताना ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रंग नवा दिसतो, दाब नवा करता येत नाही.

पाणी आणि पंखा

मशीन पाण्याबाहेर क्षणभरही चालवू नये. खालच्या पायातील रबरी इम्पेलर पाण्यावरच वंगण घेतो. कोरडा फिरला की त्याची पाती जळतात. मी स्वतः एकदा 'फक्त आवाज ऐकतो' म्हणून अंगणात मशीन सुरू केले आणि नवा इम्पेलर घालवला. आपल्या खाड्यांच्या गाळात व वाळूत इम्पेलर लवकर झिजतो, तो दरवर्षी काढून पाहावा. ज्या मशीनला पाण्याची बारीक धार बाहेर टाकणारी चूळ आहे, तिथे ती धार जोमदार असावी. मशीन तापून ताकद कमी होत असेल तर इम्पेलरखेरीज पाण्याच्या वाटांत साचलेले मीठही कारण असू शकते.

इंजिनाचा वेग वाढतो पण होडी जात नाही, अशी तक्रार असेल तर इंजिन उघडू नये. पंखा काढावा. शिअर पिन तुटली असेल, पंख्यातील रबरी बुश सरकत असेल, किंवा पंख्यामागे शाफ्टवर जाळ्याचे तंगूस गुंडाळले गेले असेल. हे तंगूस तेलाचे सील कापते. गिअरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे, सील बदलावे. होडीच्या बुडाला शिंपले, शेवाळ चिकटले असेल तर चांगले मशीनही आळशी वाटते. पंख्याच्या वरची आडवी पाटी होडीच्या बुडाच्या पातळीत, किंचित खाली असावी. मशीन फार वर बसले तर पंखा हवा ओढतो.

कार्बोरेटर शेवटी

वरील सर्व ठीक असेल तेव्हाच कार्बोरेटर उघडावा. जेटच्या भोकात तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. त्याऐवजी गरीचे बारीक तंगूस वापरावे व नंतर हवेने फुंकावे. जुनी गॅस्केट पुन्हा बसवू नये. फ्लोटची उंची सोडवण्यापूर्वी मोजून ठेवावी.

हळू गतीचा स्क्रू हलकेच पूर्ण आत फिरवून साधारण दीड फेरा बाहेर काढावा व तेथून सुरुवात करावी. मशीन पाण्यात, गरम झालेले आणि गिअरमध्ये असताना स्क्रू थोडा थोडा आत घ्यावा; पेट्रोल कमी पडले की मशीन कार्बोरेटरमधून शिंकते. मग बाहेर घ्यावा. पेट्रोल जास्त झाले की ते लंगडते व धूर वाढतो. या दोन्हींच्या मधे, किंचित जास्त पेट्रोलाच्या बाजूला स्क्रू ठेवावा. इथेनॉलच्या पेट्रोलावर जुन्या खुणेपेक्षा थोडे अधिक उघडावे लागते. पिंपातल्या पाण्यात छान चालणारे मशीन भरलेल्या होडीला ओढेलच असे नाही, म्हणून शेवटची परीक्षा किनाऱ्यालगत, भरतीच्या वेळी, वल्ही सोबत ठेवून घ्यावी.

मे महिन्याअखेर

ऑक्टोबरातील निम्मे दुखणे मे महिन्यात टळते. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होण्याच्या सुमारास होडी वर घेतानाच ही कामे उरकावीत. मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे हळू चालवून मीठ धुवावे. पंख्याजवळ मुले येऊ देऊ नयेत. नंतर नळी काढून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडू द्यावे. शेवटच्या क्षणी मशीन तुटक चालेल, त्या वेळी रेस देऊ नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर दोन-स्ट्रोक ऑइल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत लावावेत. गिअरचे ऑइल बदलावे. टाकीतील उरलेले मिश्रण काढून टाकी उन्हात वाळवावी. मशीन उभेच टांगावे, आडवे टाकू नये, आणि गोणपाटाने झाकावे. प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळले तर आत दमट हवा कोंडून गंज चढतो. दोन जादा प्लग, दोन शिअर पिना, प्लगचा पाना आणि पक्कड एका डब्यात घालून तो डबा मशीनलाच बांधून ठेवावा.